काले बे माणस

बडोद्यात येऊन मला वर्ष झालं होतं आणि आपल्याला गुजराती येते अशी घमेंड चढली होती. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत खोली, मांडवीत भाजीची घासाघीस. तेवढ्या भांडवलावर मी भाषापंडित! महाराजांच्या राज्यात नोकरीसाठी देशावरून आलेल्या आम्हा कारकुनांना ही खोड सरसकट होती.

शहराबाहेरच्या ओढ्यावर एक मातीचा बांध होता. त्याचं दप्तर माझ्याकडे होतं. बांध कसला, दोन पुरुष उंचीचा ढिगारा! आठ महिने त्याच्या पोटात गुरं चरायची. कचेरीत सगळे त्याला कोरडं तळं म्हणून हसत, मीही हसे. पण विश्वामित्री नदी फुगली की ओढ्याला तिच्यात शिरायला वाव नसे. तेव्हा वरून आलेला लोंढा हा बांध अडवून धरी आणि मोरीतून बेताबेताने सोडी. खालची वस्ती तेवढ्यावर वाचायची. बांधाचा राखणदार बायकोसह त्याच वस्तीत राहायचा.

श्रावणात त्याची चिठ्ठी आली. ‘पाळमां काणुं. पूरवा माटे काले बे माणस.’ पाळ म्हणजे बांध, काणुं म्हणजे भोक, पूरवा म्हणजे बुजवायला, एवढं मला ठाऊक होतं. आणि काले म्हणजे काल. त्यात विचारायचं काय? मी नोंदवहीत झोकात लिहिलं, ‘बांधास भोक पडले होते. काल दोन माणसे लावून बुजविले.’ वरिष्ठांनी खाली सही केली.

गुजरातीत काले म्हणजे कालही आणि उद्याही, हे शेजारच्या गुजराती कारकुनाने मला सांगितलं, पण चार दिवसांनी. तोवर सगळं होऊन गेलं होतं. पुढे मी ती भाषा उत्तम शिकलो. त्याचा काय उपयोग?

राखणदाराने दुसऱ्या दिवशी माणसांची वाट पाहिली. बांध सोडून शहरात यायची सोय नव्हती. मग भर पावसात तो एकटाच पाट्या वाहत राहिला. बायको खालून माती भरून द्यायची. भोक आतून रुंदावत चाललं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी बांध खचू लागला, तेव्हा तो वस्तीला हाका मारत धावला. लोक निघाले. ती बांधाखाली पाटी भरत होती. ती सापडलीच नाही.

पाणी ओसरल्यावर तो कचेरीत आला. मला वाटलं, आता हा माझा गळा धरणार. धरला असता तर बरं झालं असतं. तो हात जोडून म्हणाला, “साहेब, मारा अक्षर खराब. कोईथी वंचाया नहि होय.”

कोणाला वाचता आलं नसेल म्हणे! त्याचं अक्षर स्वच्छ होतं. महाराजांच्या शाळेत गिरवलेलं, एकेक काना सुटा. चिठ्ठी माझ्या खणात होती. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती, आणि तेवढी गुजराती मला येत होती.

मी म्हणालो, “हा, जरा खराब छे.”

त्याने पुन्हा हात जोडले आणि माझी माफी मागून गेला.