नागव्वाच्या रडण्यातलं शिवार

आमच्या गावात नागव्वाइतकं चांगलं कुणालाच रडता येत नाही. शहरातल्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. आमच्याकडं बायका मयतावर नुसत्या रडत नाहीत, हेल काढून, शब्द लावून रडतात, आणि त्या शब्दांत गेलेलं माणूस यावं लागतं. बहुतेक बायका ठरलेलंच म्हणतात. घराचा खांब गेला, देवाला दया आली नाही, आता आम्ही कुणाकडं बघायचं. ऐकणारे माना हलवतात आणि परतीची एसटी किती वाजता ते आठवत बसतात.

नागव्वा माणसाच्या गुणांविषयी अवाक्षर काढत नाही. ती जागेला हाक मारते.

सारजाबाई गेली तेव्हाची गोष्ट. सारजाबाई रोज डोक्यावर गवताचा भारा घेऊन पाणंदीनं यायची आणि वळणावरची बाभळ रोज त्या भाऱ्यात काटे अडकवायची. मग सारजाबाई तिथंच उभी राहून त्या बाभळीला, एखाद्या उनाड सुनेला द्याव्यात तशा, शिव्या द्यायची. सगळ्या गावानं त्या ऐकलेल्या. बाई गेली त्या दिवशी तिचा मुलगा रामहरी कोरड्या डोळ्यांनी सगळी व्यवस्था बघत होता, फोन करत होता, तिरडीला कळक आणायला माणसं पाठवत होता. नागव्वा आली, प्रेताजवळ बसली आणि तिनं सूर धरला, "पाणंदीच्या बाभळी, आता कुणाच्या भाऱ्याला हात घालशील गं? तुला शिव्या देणारी आज निघाली गं." रामहरी होता तिथं खाली बसला. मग त्याला कुणी उठवू शकलं नाही.

मी गोष्टी लिहितो. आम्हा लिहिणाऱ्यांना निसर्गाचं भारी वेड. कुणाचं मन भरून आलं की आम्ही आभाळ भरून आणतो, कुणी मेलं की सूर्य मावळवतो. त्या आभाळाला त्या माणसाची काही ओळख नसते. नागव्वाची बाभळ सारजाबाईला ओळखत होती. तेव्हापासून माझ्या गोष्टीत कुणी मरायचं झालं, तर मी आधी त्याची बाभळ शोधतो. सापडली नाही तर त्याला जिवंत ठेवतो.

आमचं गाव अक्कलकोटच्या वाटेवर. घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही. नागव्वाला कुणी मयताला बोलावत नाही, तीच जाते. लिंगायत असो, मराठा असो, मुलाणी असो, तिला सगळ्यांचे बांध, ओढे, वाटा ठाऊक. लहानपणीच लग्न झालं, काही वर्षांनी नवरा वारला, मग माहेरी येऊन तिनं बापाची जमीन कसली. मूल जगलं नाही. मागे एकच धाकटा भाऊ, गुरुबसप्पा; ती त्याला कानडीत तम्मा म्हणायची. तो सोलापूरच्या बाळे भागात राहायचा आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनवर काम करायचा. सणाला गावी यायचा, पण घरातून शेताकडं म्हणून कधी गेला नाही. "शहराचं वारं लागलंय. पायाला माती लागंल म्हणून भितोय," असं नागव्वा चारचौघांत म्हणायची. म्हणताना हसायची, पण ते तिला लागलेलं असायचं.

होळीनंतर गुरुबसप्पा गेला. कामावरून आला, पाणी मागितलं आणि पाणी यायच्या आत गेला.

आमच्या लिंगायतांत मयत निजवत नाहीत, बसवतात, आणि बसलेलंच मातीत पुरतात. बाळ्याच्या घरापुढं मांडवात गुरुबसप्पाला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. त्याची बायको दानेश्वरी बाजूला बसली होती. ती सोलापुरात वाढलेली, फारसं न बोलणारी बाई. नागव्वा गावच्या जीपमधून उतरली तेव्हा मांडवातल्या बायका सरकल्या. आज सख्ख्या भावासाठी ती काय म्हणते इकडं सगळ्यांचं लक्ष होतं. माझंही होतं, खोटं कशाला बोलू.

तिनं भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि शेतातली विहीर बोलावली.

"चिंचेखालच्या हिरी गं, तुझा पोरगा आला गं. पाठीला भोपळा बांधून तुझ्यात उडी घेणारा, तुझं गार पाणी पिऊन वाडलेला, माझा तम्मा आला गं. दमून आलाय, त्येला पोटात घे गं हिरी."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मलाही ती विहीर दिसायला लागली होती. तेवढ्यात दानेश्वरी म्हणाली, "अक्का, बास करा."

रडणाऱ्या बाईला मधेच थांबवणं आमच्याकडं कधी घडत नाही. नागव्वाला आधी कळलंच नाही. तिनं पुन्हा सूर धरला, तशी दानेश्वरीनं तिचा हात धरला. "ती हीर नको. बाकीचं समदं म्हणा. पर ती हीर नको."

नागव्वा गप्प झाली. माती होईपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही. सगळ्या गावाला रडून वाटेला लावलेल्या बाईचा सख्खा भाऊ मुकाट्यानं गेला. लोक आपापसात बोललेच, की नणंद-भावजयीचं काहीतरी जुनं असणार.

जुनं होतं, पण त्या दोघींतलं नव्हतं. संध्याकाळी दानेश्वरीनं ते नणंदेला सांगितलं आणि नागव्वानं मला.

त्यांचा बाप त्या विहिरीत गेला हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाळ काढायला उतरला आणि काठ ढासळला. तेव्हा नागव्वा सासरी होती, पहिलटकरीण होती, तिला बरेच दिवस कुणी कळवलंही नाही. तिला माहीत नव्हतं ते एवढंच, की वर दोर धरून गुरुबसप्पा उभा होता. मिसरूड न फुटलेला पोर. त्याच्या डोळ्यांदेखत काठ खाली गेला आणि त्याच्या हातातला दोर सैल झाला. माणसं येईपर्यंत तो दोर ओढत राहिला. आलेल्या दोघातिघांनी पोराच्या काळजीनं ते पुढं कुठं काढलं नाही. त्यानंतर तो मामाकडं सोलापूरला आला तो आलाच. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्यानं हे बायकोला सांगितलं आणि अक्काला सांगू नको म्हणून शपथ घातली. अक्काचा त्या विहिरीवर जीव आहे, तो तसाच राहू दे, असं म्हणाला.

"समद्या गावाचं शिवार मला ठावं," नागव्वा मला म्हणाली. "अन् माझा भाऊ कशाला भ्यायचा त्ये ठावं न्हाय. मी त्येला तिच्याच पोटात घाल म्हनले की रं, अमरेश."

तिची काही चूक नाही असं मी म्हणालो, आणि ते ऐकून तिला जराही बरं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी समाधीवर दूध घालायला जायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी तिनं भाच्याला, विरेशला, गाठलं. "तुझा बा दिसभर जितं असायचा तितं मला ने." विरेशला ते पटेना. "आत्या, तितं बगण्यासारखं काय न्हाय," असं तो दोनदा म्हणाला. शेवटी मी माझ्या गाडीतून दोघांना चिंचोळीला नेलं.

खरंच बघण्यासारखं काही नव्हतं. पत्र्याची शेड, मालाच्या ट्रकांची रांग, डोक्यावर तारा, कुंपणाला लागून वेडी बाभूळ आणि पलीकडं हायवेपर्यंत उघडा माळ. मी सवयीनं काहीतरी शोधत होतो, एखादा पिंपळ, निदान एखादा पक्षी. जेवणाच्या सुट्टीत गुरुबसप्पाचा सोबती चनमल्लप्पा बाहेर आला आणि आम्हाला शेडच्या मागं घेऊन गेला. तिथं काँक्रीटचा एक मोठा चौथरा होता, कधीकाळी कसलीशी मशीन बसवायला केलेला आणि तसाच राहिलेला. त्याच्यावर सावलीचं नाव नव्हतं.

"हितं जेवायचा," चनमल्लप्पा म्हणाला. "आमी समदे तिकडं लिंबाखाली. ह्यो एकटा हितं उनात. कडंला न्हाय हं, बरुबर मदी बसायचा, बूट काढून. आमी लई चेष्टा करायचो."

"का बसायचा हितं?" नागव्वानं विचारलं.

"म्या इचारलं हुतं की. म्हनला, हितं पायाखालचं घट्ट हाय. हितली भुई ढासळत न्हाय." चनमल्लप्पा थोडं हसला. त्याला विहिरीचं काही माहीत नव्हतं, तो एका मित्राची खोड सांगत होता.

नागव्वानं चपला काढल्या आणि चौथऱ्यावर चढली. दुपारचं ऊन, काँक्रीट तापलेलं. ती चालत मधोमध गेली आणि तिथं उभी राहिली. पाय भाजत असणार, पण तिनं ते हलवले नाहीत. थोड्या वेळानं ती खाली बसली आणि तो जिकडं तोंड करून बसायचा तिकडं तोंड करून माळाकडं बघत राहिली. विरेशनं तिला उठवायला हात पुढं केला तेव्हा ती म्हणाली, "बसू दे जरा. चांगली जागा हाय."

दुसऱ्या दिवशी समाधीवर आम्ही मोजकीच माणसं होतो. माती अजून भुसभुशीत होती. दूध घालून झालं, पत्री वाहून झाली आणि नागव्वा खाली बसली.

"शेडामागच्या चौथऱ्या रं, तुझा बसणारा आला न्हाय रं. भाकरीचं फडकं सोडून तुझ्यावर पाय टेकणारा आला न्हाय रं. झाडानं सावली दिली ती त्येनं घेतली न्हाय. तुझ्या उनात त्येचा जीव गार झाला रं."

आमच्यातले एक वडीलधारे, सोमलिंगअप्पा, माझ्या कानाशी पुटपुटले, "चौथरा, शेड, हे कदी रडन्यात असतंय का?" मी त्यांना गप्प बसा म्हणालो, जरा जोरातच.

मग नागव्वा अडली. तिच्यापाशी त्या जागेची एकच दुपार होती, ती संपली. गावातल्या कुठल्याही माणसाचं शिवार ती सहज म्हणू शकली असती, आणि भावाच्या चौथऱ्यापुढं तिचा शब्द संपला होता. तिनं दानेश्वरीकडं बघितलं. "म्होरलं तू सांग," ती म्हणाली. "मला येत न्हाय."

दानेश्वरी कधी हेल काढून रडलेली नव्हती. ती साधंच बोलली, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. "बाळ्याच्या थांब्यावर कंपनीची गाडी यायची. त्यो डांबरावरनंच चालायचा, कडंच्या मातीत पाय ठेवायचा न्हाय." नागव्वानं ते उचललं आणि सुरात म्हटलं, बाळ्याच्या थांब्याला हाक मारून. दानेश्वरी पुढं म्हणाली, "गच्चीवर झोपायचा. थंडीतबी. खालच्या खोलीत त्येला छातीवर वझं आल्यासारखं व्हायचं." नागव्वानं गच्चीला हाक मारली. एक सांगत होती, दुसरी तिच्या मागून म्हणत होती, आणि गुरुबसप्पा तुकड्यातुकड्यानं तिथं येत होता. इतकी वर्षं ओळखत असून मला तो तेव्हा पहिल्यांदा कळला.

मग दानेश्वरी थांबली. समाधीकडं बघून म्हणाली, "अन् त्येलाच आमी मातीत बसवलं."

हे नागव्वानं सुरात म्हटलं नाही. ती पुढं सरकली, दोन्ही तळवे त्या भुसभुशीत मातीवर ठेवले आणि माती दाबू लागली. एका कडेनं दाबत दाबत सगळीकडून दाबली. हळू आवाजात, नेहमीच्या बोलण्यात ती भावाला सांगत होती, "घट्ट हाय रं तम्मा. भिऊ नको. घट्ट हाय." दानेश्वरीही खाली बसली आणि दुसऱ्या बाजूनं दाबू लागली. आम्ही पुरुष नुसते उभे राहिलो. मी रडलो, सोमलिंगअप्पाही रडले.

परत येताना दोघी माझ्या गाडीत मागं बसल्या होत्या. बाळे जवळ आलं तेव्हा नागव्वा म्हणाली, "माझ्या टायमाला कोन रडंल ठावं न्हाय. तू आसलीस तर तू म्हन."

"मला कुटं येतंय, अक्का."

"आज आलं की. पर माझ्या टायमाला हीर म्हन. तिनं माझा बा नेला, माझा भाऊबी माझ्यापासून लांब नेला. तरीबी मला तितंच बरं वाटायचं. काय करू, खोटं कसं बोलू?"

दानेश्वरीच्या नवऱ्याचं आयुष्य ज्या विहिरीनं खाल्लं ती विहीर तिनं कधी पाहिली नव्हती. फक्त त्याच्या तोंडून ऐकली होती, तीही एकदाच. नको म्हणाली असती तरी तिला कुणी बोल लावला नसता.

"मग मला सांगा तरी कशी हाय ती," ती म्हणाली. "बगितल्याबिगर कसं म्हनू?"

नागव्वानं डोळे पुसले आणि चिंचेपासून सांगायला सुरुवात केली. घर आलं होतं, पण मी गाडी थांबवली नाही, तशीच पुढं नेली.