रुस्तमकाकांनी दार उघडलं

हेल्गाचा व्हिएन्नाहून फोन आला तेव्हा मी पुण्यात कुकर लावत होते. ‘पापा गेले,’ एवढंच ती म्हणाली. महिना होत आला त्याला. लोक म्हणतात, पिकलं पान होतं, सुटले. माझं मात्र त्यांच्याशी भांडण अजून संपलेलं नाही. ते भांडायलाच लिहायला बसले आहे.

कुवेतला रिग्गईत आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये ते राहायचे. हेल्गा माझ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट; आई गेल्यावर तिने वडिलांना आणून ठेवलं होतं. आजोबा (मी त्यांना आजोबाच म्हणायचे) तरुणपणी व्हिएन्नात पोलीस अधिकारी होते. नाझी आले तेव्हा त्यांनी नवी शपथ घ्यायला नकार दिला, ज्यांना पकडायचं होतं त्यांना आधीच निरोप पोचवले, आणि त्यापायी नोकरी गेली, छळछावणीत वर्षं गेली. हे सगळं हेल्गाने सांगितलेलं. ते स्वतः माझ्या पोह्यांना नावं ठेवण्यापलीकडे फारसं बोलत नसत. मोहरी दातात अडकते, ही कायमची तक्रार, आणि तरी दुसऱ्यांदा बशी पुढे! नव्वदच्या जुलैत हेल्गा मुलीच्या बाळंतपणासाठी मायदेशी गेली. जाताना म्हणाली, पापांना सांभाळ. आणि ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य आलं.

गोऱ्यांना पकडून नेतात हे कळल्यावर मी त्यांना आमच्याकडे आणलं आणि पारशी करून टाकलं. गोरापान, नाकेला म्हातारा. रुस्तमकाका हे नाव शोभलंही. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या कुवेती मालकाकडे, आणि कफील पळालेला, ही तर तेव्हा निम्म्या परदेशी लोकांची खरीच कथा होती. सैनिकांपुढे पारशी म्हणायचं मात्र नाही, इराणी समजले तर आगीतून फुफाट्यात. म्हणून नुसतं ‘हिंदी’, म्हणजे भारतीय. आजोबांना हे नाटक मुळीच पसंत नव्हतं. खोटी जबानी देणाऱ्यांना आपण पकडत आलो, असं कुरकुरत ते ह्यांचा सदरा घालून बसायचे.

एका दुपारी सैनिक आले. त्यांच्या अधिकाऱ्याने आत डोकावलं, मी मोडक्या अरबीत काका म्हणून ओळख करून दिली, आणि तो चक्क निघून गेला. माझ्या जिवात जीव आला... तोच जिन्यातून ओरडणं ऐकू आलं. इमारतीचा इजिप्शियन रखवालदार सईद, त्याला ते बडवत होते. समोरच्या फ्लॅटमधला गोरा कुठे गेला, एवढंच विचारत होते. सईदला ठाऊक होतं. तो सांगत नव्हता.

आजोबा उठले. मी त्यांचा हात धरला, बसा, तुमच्या पाया पडते म्हटलं. ते हळू आवाजात म्हणाले, “मला माझ्याच चौकीत मारत होते. शेजारच्या खोलीत माझा मित्र टाइप करत होता. टाइपरायटर एकदाही थांबला नाही.” आणि त्यांनी दार उघडलं.

तुम्ही शोधताय तो गोरा मीच, असं त्यांनी सांगितल्यावर सईदला सोडलं. अधिकारी माझ्याकडे वळला. गोऱ्याला लपवण्याची शिक्षा काय, ते सगळ्या कुवेतला माहीत होतं. तेव्हा खोट्याचा इतका तिटकारा असलेला हा माणूस शांतपणे इंग्रजीत म्हणाला, “मी कोण ते या बाईला माहीत नाही. मी हिला फसवलं.” मी ऐकलेली त्यांची ही एकुलती एक थाप, आणि तिच्यामुळे मी आज जिवंत आहे. त्यांना इराकात कुठल्याशा कारखान्यात ओलीस ठेवलं. आम्ही अम्मानमार्गे घरी आलो. तेही पुढे सुटले, व्हिएन्नाला पोचले, पण छातीचं दुखणं जडलं ते त्यांना घेऊनच गेलं. काय अडलं होतं, आजोबा? सईद तरुण होता, सोसला असता मार... असं मी रोज म्हणते, आणि रोज मलाच माझी लाज वाटते.

इथे पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ बायकोला मारतात. तो आवाज सुरू झाला की सगळी बिल्डिंग टीव्ही मोठा करते. आम्हीही करायचो. परवा ह्यांनी सवयीने बटणाकडे हात नेला, तर मी टीव्ही बंदच केला.

“कुठे निघालीस? त्यांच्या घरातलं आहे ते,” हे म्हणाले.

मी चपला अडकवल्या, जिना चढले आणि त्यांची बेल दाबली. दार उघडेपर्यंत बोट काढलं नाही.