चंदनाकाकूंचं सफरचंद

राजारामपुरीत आमच्या भिंतीला भिंत लावून धनपाल मगदूम राहतात. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, बायकोपुढे चकार शब्द न काढणारे. घरामागं दोन खाटा मावतील एवढी जागा. तिथं लिंबू लावा, चिकू लावा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण चंदनाकाकूंना सफरचंदच हवं होतं. सगळ्या फळांत त्यांचा जीव तेवढ्यावर.

अण्णांनी तीन नर्सऱ्या पालथ्या घातल्या आणि उन्हात फळणाऱ्या जातीचं कलम आणलं. जानेवारीत दोघांनी मिळून ते लावलं. त्याच दिवशी काकूंनी जैन मंदिरात नियम घेतला, घरच्या झाडाचं फळ येईपर्यंत सफरचंद खायचं नाही. आवडीची वस्तू अशी सोडायची त्यांच्यात रीत आहे. मला तेव्हा हसू आलं होतं, त्याची आज लाज वाटते.

तीन वर्षांत झाड डोक्यावर गेलं, पण फुलाचा पत्ता नाही. नर्सरीवाला पाहून गेला.

"काकू, आपल्याकडं तेवढी थंडी न्हाय. डिसेंबरात सगळी पानं हातानं तोडायची. झाड निजतंय, मग फुलतंय."

"जित्या झाडाची हिरवी पानं ओरबाडू? मला न्हाय जमायचं," काकू म्हणाल्या.

अण्णांनी मान डोलावली. मी मात्र चिडले. नियम आपणच घ्यायचा आणि वाटही आपणच अडवायची, हा कुठला न्याय.

पाचव्या वर्षी डिसेंबरात काकूंना दवाखान्यात ठेवलं. पोटातला रोग पार पसरला होता. अन्न जाईना, म्हणून मुलीनं, आदितीनं, सफरचंद कापून पुढं धरलं. काकूंनी तोंड फिरवलं.

"घरचं आलं की खाईन की," एवढंच म्हणाल्या.

त्या दुपारी अण्णा घरी आले, स्टूल लावलं आणि एकटेच पानं तोडत राहिले. मी भिंतीवरून पाहत होते. प्रत्येक पानाला त्यांचे ओठ हलत होते, माफी मागितल्यासारखे. माझ्यानं हाक मारवली नाही.

काकू जानेवारीत गेल्या. फुलं फेब्रुवारीत आली.

जूनमध्ये दोन सफरचंदं हाती लागली. अण्णांनी मला बोलावलं आणि दिवस मावळायच्या आत एक कापलं. पाच वर्षं त्यांनीही सफरचंद तोंडात घातलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. काकूंना ते कधीच कळलं नाही. एक फोड त्यांनी सावकाश खाल्ली.

"गोड हाय का, अण्णा?"

"हाय की. पर तिनं खाल्लं नसतं. पानं मी तोडली, हे तिच्यापास्नं लपलं नसतं."

मला रडू आवरेना. त्यांनी दुसरी फोड माझ्या हातावर ठेवली.

यंदाचा डिसेंबर सरत आला. अण्णा रोज झाडाला पाणी घालतात. पानांना हात लावत नाहीत.