पाहुण्यांचा पासवर्ड

वर राहणाऱ्या अहमदपूरच्या पोरीनं माझं वाय-फाय नीट करून दिलं. ती लातूरला क्लाससाठी आलेली. मी सातवीत शाळा सुटलेली, मेस चालवणारी. इस्लापूरला माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला की अडकायचा.

"मावशी, राउटरखाली छापलेलाच पासवर्ड हाय. जेवायला येणारी समदी पोरं तुमचं नेट वापरून राहिली."

"त्यांना नाही कसं म्हणू? घर सोडून आलेत बिचारे."

"नका म्हणू. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं काढू, वेग कमी ठेवू."

दोन्ही पासवर्ड तिनं मलाच टाकायला लावले. मग कॉल लावला, तर आईचा चेहरा स्वच्छ दिसला.

दुसऱ्या दिवशी कळलं, त्याच सकाळी तिची परीक्षा होती. आदल्या दिवशी पुस्तक उघडं टाकून ती खाली आली होती. पेपर कसा गेला, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही. तिनं मला माझी आई दाखवली; एक दिवस तिच्या आईला इथं बोलावून माझ्या हातचं पोटभर जेवू घालीन.