आपट्याच्या नदीकाठी आमच्या घरचं वायफाय

मी गणित शिकवते. नवीन पनवेलच्या एका शाळेत, आठवी ते दहावीला. आमच्या मोहल्ल्यात जिन्न, साया, नजर असले विषय निघाले की मी उठून स्वयंपाकघरात जाते — लहानपणापासूनची सवय. माझे मामू तर मला "वकीलसाहेब" म्हणतात, कारण ते असलं काही सांगायला लागले की मी उलटतपासणी घेते. तेव्हा वाचकहो, खालचं वाचून तुम्ही उलटतपासणी घेतलीत तर मला राग येणार नाही. मी स्वतःची घेऊन थकले आहे.

२०१४च्या थंडीतली गोष्ट. आमचं घर जुन्या पनवेलमध्ये — आगगाडीच्या डब्यासारखं, एकामागे एक तीन खोल्या, भिंती हातभर जाड. सगळ्यात मागची खोली अब्बांची. अब्बा आयुष्यभर कुवेतला फिटर होते. परत आले, थोडी वर्षं बरी गेली आणि मग विसरायला लागले. आधी चष्मा, मग नमाजमध्ये किती रकाती झाल्या ते, मग घराचा दरवाजा नक्की कुठल्या बाजूला ते. शेवटी मी. मला ते "मॅडम" म्हणायचे. "मॅडम, जरा पानी देता का?" अगदी अदबीने.

माझा धाकटा भाऊ इम्रान दम्मामला. त्याला मात्र ते टॅबलेटच्या पडद्यावर बरोबर ओळखायचे! त्याचा चेहरा दिसला की ताठ बसायचे, जेवलास का विचारायचे. दिवसभरात तेवढाच वेळ ते आमचे अब्बा असायचे.

अडचण अशी की नवीन नेट घेतलं त्याचा राउटर पुढच्या खोलीत, आणि त्या जाड भिंतींमुळे मागे रेंज शून्य. अब्बांना पुढे आणलं की रस्त्याचा आवाज ऐकून घाबरायचे. मग मला कपाटातला जुना मॉडेम आठवला, टेलिफोनच्या लाइनवरच्या ब्रॉडबँडचा. एका रविवारी बसले. मागच्या भोकात टाचणी दाबून रिसेट केला, त्याचा नेटवर्कवरचा नंबर, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, बदलला, दुसऱ्यांना नंबर वाटायचं त्याचं काम बंद केलं, पुढच्या राउटरपासून भिंतीच्या वरच्या पट्टीवरून वायर खेचून त्यात खोचली. फोनची लाइन लावायचीच नाही. झाला अ‍ॅक्सेस पॉइंट, मागच्या खोलीपुरतं वायफाय देणारा डबा. नाव दिलं ABBA KHOLI, पासवर्ड माझ्या मनाचा. ज्यांना यातलं कळतं त्यांच्यासाठी — सेटिंगचं पान उघडता यावं म्हणून माझ्या फोनला त्या नेटवर्कपुरता नंबर मी हाताने घालून ठेवला होता. म्हणजे पाठीमागे नेट नसलं तरी त्या डब्याचं पान माझ्या फोनवर उघडतं.

त्या डब्याने आम्हाला दोन-तीन महिने छान दिले.

मग एका सकाळी मी शाळेत, अम्मी न्हाणीत, आणि अब्बा कडी काढून निघून गेले.

मशिदीतून ऐलान झालं. पोलिसात तक्रार दिली. हॉस्पिटलं, स्टेशन, तलावाचे काठ, सगळं बघून झालं. तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडवरचा एक फळवाला म्हणाला की पांढरी टोपी, निळा स्वेटर घातलेले एक चाचा पेणच्या गाडीत चढताना पाहिले होते. बस्स, एवढंच. मामूंचा मुलगा सलीम त्याची ओम्नी घेऊन आला आणि आम्ही दोघं गोवा हायवेला लागलो. अब्बांचा त्या बाजूला कुणी नातेवाईक नाही, काही नाही. नुसतं विचारत जायचं. कर्नाळ्याला अभयारण्याच्या गेटवर फोटो दाखवला. नाही. पुढच्या हॉटेलात, पंक्चरवाल्याकडे. नाही.

आपटा फाट्याला सलीमने चहा घेतला. मी गाडीतच बसून इम्रानला मेसेज लिहीत होते... आणि फोनवर वायफायची खूण आली. एकच काडी. मी सवयीने बघितलं. ABBA KHOLI. कनेक्टेड.

मला वाटलं डोळ्यांवर झापड आली, झोप नव्हतीच तीन दिवस. सलीमला हाक मारली. त्याने फोन हातात घेतला, वाचलं, माझ्याकडे बघितलं.

"आपा, हे तर तुमच्या घरचं."

"हो."

"कुणीतरी तेच नाव ठेवलं असेल."

"पासवर्डही तोच?"

मी ब्राउझरमध्ये त्या डब्याचा नंबर टाकला. पान उघडलं. मी केलेली सेटिंग, जशीच्या तशी. नेट मात्र चालत नव्हतं, इम्रानला लिहिलेला मेसेज जाईना. नुसता तो डबा होता, त्याच्या मागे काही नव्हतं.

हायवेवर थोडं पुढे गेलो तर काडी गेली. परत फिरून आपट्याच्या रस्त्याला वळलो तर आली. सलीमने गाडी अगदी हळू चालवली. गावात दोन काड्या. नदीकडे उतरलो तर तीन. पाताळगंगेच्या काठी एक बाई धुणं धूत होती. मी फोटो दाखवला.

"नाय ओ," ती म्हणाली, "आमी सकालपासना हितंच हाव. काल पन होतो. कोन म्हातारा नाय आला."

"तिकडे, झाडीच्या पलीकडे?"

"तिकडं कोन जातं? काटंच काटं. नका जाव बाय, पाय मोडाल."

सलीम माझा हात धरून म्हणाला, "आपा, चला. इथे काही नाही. आपण वेळ घालवतोय." त्याला तिथून निघायचं होतं, आणि खरं सांगते, मलाही. पण मी फोन पुढे धरून काठाकाठाने चालत राहिले. काट्यांनी सलवार फाटली. एका वळणावर सगळ्या काड्या भरल्या. आमच्या मागच्या खोलीत, डब्याच्या खाली उभं राहिल्यावर भरायच्या तशा.

अब्बा बांधाला टेकून बसले होते. चपला काढून शेजारी नीट लावून ठेवल्या होत्या. टोपी डोक्यावर. मी "अब्बा" म्हणाले आणि दुसऱ्यांदा म्हणायची गरज नाही हे मला कळलं.

सलीम ओरडत गावाकडे धावला. मी तिथेच बसले. त्यांच्या स्वेटरला मुंग्या लागल्या होत्या, त्या झाडत राहिले. माणसं आली, पोलीस आले. त्यांनी विचारलं, इथे आहेत हे कुणी सांगितलं? मी म्हटलं, शोधत शोधत आलो. फोन बघितला तेव्हा वायफायची खूण नव्हती. कधी गेली ते मला माहीत नाही.

डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे अब्बा आदल्या दिवशीच गेले होते.

दफन झालं. इम्रानला सुट्टी मिळाली नाही, त्याने सगळं फोनवर पाहिलं. रात्री भेटायला आलेल्या बायका गेल्यावर मी अम्मीला विचारलं, "मागचा डबा चालू होता ना?"

अम्मी म्हणाली, "कुठला? तो हिरवा दिवा लुकलुकतो तो? ते घरातून निघून गेले त्याच संध्याकाळी मी त्याची पिन बोर्डातून काढली. खोलीत ते नाहीत आणि दिवा चालू... बघवेना मला."

मी मागे जाऊन पाहिलं. पिन काढलेली होती. वायरही डब्यातून उपटलेली. डबा थंडगार.

इम्रान तीन महिन्यांनी आला. तो याच लाइनमधला, नेटवर्किंगचंच काम करतो. त्याने डबा उघडला, बॅटरी वगैरे काही आहे का बघितलं. नव्हतं. मग बाहेरून बॅटरी जोडून डबा चालवून आपट्याला घेऊन गेला, मोकळ्यावर रेंज किती जाते ते मोजायला. संध्याकाळी परत आला तेव्हा बूट चिखलाने भरलेले.

"गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा जाणार नाही आपा," तो म्हणाला. बूट काढून बाजूला ठेवले. मग म्हणाला, "फोन माझ्याकडेही होता. तेच नाव, तोच पासवर्ड माझ्याकडेही सेव्ह आहे, तू कळवलास तेव्हाच घातला होता. मग मला का नाही दिसलं?"

"तू दम्मामला होतास रे."

"आपटा तरी कुठे घरात आहे?"

तो रडला, मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले.

लोकांनी मला पुष्कळ सांगितलं. फोनने जुनंच काहीतरी दाखवलं असेल. मग पान कसं उघडलं? दुःखात मनाला भास होतात. मग सलीमला कसं दिसलं? सलीम आता या विषयावर बोलत नाही, मी काढला तर उठून जातो. मामूंनी मात्र एकदाही "बघ, मी म्हणत होतो ना" असं म्हटलेलं नाही. त्यांनी म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मला कारण सापडलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला यातलं तांत्रिक कळत असेल तर जरूर सांगा, मी वहीत आकृती काढून समजून घेईन.

मावशी आता पेणला राहायला गेली आहे, त्यामुळे त्या रस्त्याने अधूनमधून जावं लागतं. एसटीने कर्नाळा सोडलं की मी फोन बंद करून पर्समध्ये ठेवते आणि खारपाड्याचा पूल ओलांडेपर्यंत काढत नाही. पुन्हा ते नाव दिसेल याची भीती वाटते म्हणून, की दिसणार नाही म्हणून... तेही मला अजून ठरवता आलेलं नाही.