रोवणीतली तीन मिनिटं

परवा लाखनीजवळ भाताच्या रोवणीच्या चिखलाचा वास आला आणि कॉलेजातली ती तीन मिनिटं आठवली.

कॉलेजच्या फिल्म स्पर्धेत प्रत्येक गटाला तीन मिनिटांचं एकच रीळ मिळालं होतं आणि ते संध्याकाळपर्यंत जमा करायचं होतं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आमच्याच शेतातल्या बांधीत रोवणी करणाऱ्या मायवर कॅमेरा धरला. तो घरघरू लागला, तशी माय हातातल्या पऱ्ह्यांच्या रोपांसकट ताठ उभी राहिली. रीळ सरत चाललं. दुसरं मिळणार नव्हतं; मी घाबरून ओरडलो.

“माय, हाल ना वं.”

ओठ न हलवता ती पुटपुटली, “मी हालली तं तुया फोटो बिगडन ना, बाबू.”

रीळ संपलं. तेव्हा मला माझीच भीती दिसली. आता कळतं, माझ्याहून जास्त मायच घाबरली होती. तिनं पापणीसुद्धा लवू दिली नव्हती.