मथुराबाई बस धरतात

मथुराबाई कोलते यांना बसचं वेड लागलं ते सदुसष्टाव्या वर्षी, आणि त्याला कारण झाली लिफ्ट.

वाघोलीत त्यांच्या घरची शेती होती. आधी शेजारी कॉलेज आलं, मग कॉलेजच्या पोरांसाठी खोल्या आल्या, मग खोल्या पाडून इमारती आल्या. मुलगा जयसिंग सुरुवातीला बिल्डरांना खडी-वाळू पुरवायचा. पुढे तो स्वतःच बांधायला लागला, आणि ज्या वावरात मथुराबाईंनी तीस वर्षं ज्वारी खुरपली होती त्याच वावरात अकरा मजले उभे राहिले. नवव्या मजल्यावर आता त्यांचं घर. "पयलं बांधावर बसून भाकर खायची, आताबी तितंच खाती, फकस्त शंभर फूट वर," असं त्या सांगत. पण सांगणार कोणाला? दारं सगळी बंद, आणि लिफ्टमध्ये जो तो मोबाईलमध्ये मान घालून.

मग एके सकाळी ती लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे बंद पडली. आत पाच माणसं. पहिली दोन मिनिटं सगळ्यांनी बटणं दाबली, आणि नंतर नाइलाजाने एकमेकांशी बोलायला लागली. अर्ध्या तासाने दार उघडलं तेव्हा मथुराबाईंना कोणाची बहीण नागपूरला, कोणाला पित्ताचा त्रास आणि कोणाचं लग्न मोडता मोडता राहिलं, हे सगळं ठाऊक झालं होतं. दोन वर्षांत जमलं नव्हतं ते अर्ध्या तासात जमलं. माणसं एका जागी कोंडली की बोलतात, हे त्यांनी पक्कं ध्यानात घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी बसस्टॉप गाठला.

ज्येष्ठ नागरिकांचा पास काढला. आधी आळंदीला जाऊन आल्या. मग कात्रज. एकदा चुकीच्या बसमध्ये बसून खडकीला उतरल्या, तर दारूगोळा कारखान्यातल्या एका कामगाराच्या बायकोशी ओळख करून, तिच्या क्वार्टरमध्ये चहा पिऊनच परतल्या. रामवाडीहून मेट्रोतही बसून पाहिलं. "देवळावानी सवच्छ, पर दवाखान्यावानी गप," हा त्यांचा शेरा. मेट्रो त्यांना आवडली, पण जीव रमला बसमध्येच.

जयसिंगला हे मुळीच पसंत नव्हतं. "आये, दारात दोन गाड्या हायेत. ड्रायव्हर हाय. बिल्डरची आई बसला लटकून जाती, लोकं काय म्हनतील?"

"लटकत न्हाय, बसून जाती. आन् तुझा ड्रायव्हर बोलतो काय? 'आजी, एसी वाढवू का?' दोन तासांत येवढंच."

अशीच एका मंगळवारी मनपाच्या स्टँडवर वासंती लवाटे यांच्याशी गाठ पडली. गाठ कसली, टक्करच. मथुराबाई विश्रांतवाडीच्या बसमध्ये चढल्या आणि डाव्या बाजूच्या तिसऱ्या सीटवर, खिडकीशी बसल्या. मागून चष्मेवाल्या, सडसडीत, इस्त्रीच्या साडीतल्या एक बाई आल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

"ही जागा माझी आहे."

"नाव कुटं लिवलंय?"

"लिहायची परवानगी असती तर लिहिलं असतं."

मथुराबाई खिडकीकडे अजून जरा सरकल्या आणि शेजारची जागा हाताने झटकून दिली. "बसा ताई. सीट दोघींची हाय."

वासंतीताई शनिवार पेठेतल्या. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. दर मंगळवारी विश्रांतवाडीला बहिणीकडे जात. विश्रांतवाडी येईपर्यंत त्यांनी मोजून अकरा वाक्यं उच्चारली, त्यांतली नऊ टोमणे होती. मथुराबाईंना बाई फार आवडल्या. कारण टोमणा मारायला का होईना, आधी समोरच्याचं बोलणं ऐकावं लागतं, आणि वासंतीताई नीट ऐकत होत्या. पुढच्या मंगळवारी वासंतीताईंनी खिडकीची जागा सोडून अलीकडची धरली. 

त्याच सुमारास वाघोलीच्या रस्त्याचं सुशोभीकरण निघालं. फुटपाथ झाला, कुंड्या आल्या, लोखंडी रेलिंग आलं. पूर्वी शाळेसमोर नुसता एक खांब होता, त्याला लोक स्टॉप म्हणत. तो खांब गेला आणि दोनशे पावलं पुढे झकास नवा थांबा उभा राहिला. स्टीलची बाकं, वर छप्पर, मोबाईल चार्ज करायला पिन, अक्षरं फिरणारी पाटी. मथुराबाई त्या दिवसांत गुडघ्याने आजारी होत्या, म्हणून त्यांनी तो नवव्या मजल्यावरूनच पाहिला आणि वासंतीताईंना फोनवर कौतुकाने सांगितलं, "या आता आमच्याकडं पिठलं-भाकर खायाला. टेशनावानी थांबा केलाय."

वासंतीताई रिक्षाने आल्या. जेवल्या, "पिठल्यात मीठ बरोबर आहे" अशी त्यांच्या मानाने मुक्तकंठाने स्तुती केली आणि निघाल्या. "पोचवायला येऊ नका. गुडघा सांभाळा. मला पाट्या वाचता येतात."

पन्नास मिनिटांनी फोन आला.

"मथुराबाई, थांबा खरोखर सुंदर आहे. मी इथेच राहायला यावं म्हणते. पाच बस गेल्या, एकीलाही मी दिसले नाही."

मथुराबाई काठी टेकत खाली गेल्या. पाहतात तर काय, थांबा बाजूच्या छोट्या रस्त्यावर, बस मोठ्या रस्त्यावर, आणि दोहोंच्या मधे छातीएवढं रेलिंग. लोक बिचारे पुढच्या चौकाच्या तोंडाशी उभे राहत. बस दिसली की पळत. नऊवारीतली म्हातारी पळते, दप्तरवाली पोरगी पळते, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला कॉम्प्युटरवाला पळतो. बस मनात आलं तर थांबते, नाहीतर जाते.

"मी अर्ज करते," वासंतीताई म्हणाल्या.

त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं, आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे. त्यांनी विचारलं, योग्य विभाग कोणता. उत्तर आलं, हा प्रश्न योग्य विभागाकडे पाठवला आहे. वासंतीताईंना उलट हुरूपच चढला. अडतीस वर्षं त्यांनी लोकांची पत्रं योग्य पत्त्यावर धाडली होती. सातव्या अर्जाला मात्र खरं उत्तर मिळालं. शुक्रवारी अकरा वाजता स्थळपाहणी.

शुक्रवारी एक साहेब आले, आणि सोबत ऋतिका नावाची तरुण मुलगी, हातात नकाशांचा टॅब घेऊन. ती बसमार्गांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत होती. साहेबांनी नकाशा पाहिला, थांबा पाहिला, पुन्हा नकाशा पाहिला.

"नकाशाप्रमाणे थांबा अगदी बरोबर जागी आहे."

"मग बसा की साहेब," मथुराबाई म्हणाल्या. "बस आली की चढा."

साहेब हसत बसले. बस आली. साहेबांनी हात वर केला. ड्रायव्हरने रेलिंगपलीकडून पाहिलं, त्यालाही बरं वाटलं, त्यानेही हात हलवला आणि बस निघून गेली. दुसऱ्या बसला साहेब उभे राहिले. तिसऱ्या बसला रेलिंगवर एक पाय टाकून पाहिला. चौथी बस गेल्यावर पँट झटकत म्हणाले, "तांत्रिक अडचण दिसते आहे."

"चार-चार दिसल्या," वासंतीताई म्हणाल्या.

ऋतिका मात्र टॅबवर काहीतरी शोधत होती. "मूळ प्लॅनमध्ये थांबा इथे नव्हताच," ती म्हणाली. "शाळेसमोरच होता. पण शेरा आहे, 'जागा उपलब्ध नाही'. कारण तिथं फुटपाथवर एक सेल्स ऑफिस आलंय. कोलते असोसिएट्स."

वासंतीताईंना आयुष्यात पहिल्यांदाच टोमणा सुचला नाही. मथुराबाईंनी पदर सारखा केला.

"कोलते म्हंजी आमीच," त्या म्हणाल्या.

दुपारी जयसिंग जेवायला आला तेव्हा त्यांनी ताट वाढलं, दोन घास पोटात जाऊ दिले आणि मग विचारलं. जयसिंगने नाकारलं नाही. "टेंपरवारी हाय आये. समोरनं दिसतं म्हनून तितं टाकलं. फ्लॅट विकले की काढनार."

"कवा विकतील?"

"वर्स-दोन वर्सं धर."

"मोप झाली," मथुराबाई म्हणाल्या आणि त्याच्या पानात अजून एक भाकरी वाढली. पण त्यांना स्वतःला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सात अर्ज लिहिले गेले, साहेबाची पँट मळली, आणि चोर निघाला आपल्याच घरचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि शाळेसमोर, कोलते असोसिएट्सच्या काचेच्या दारापुढे मांडली. गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी रेलिंगला तिथे माणूस जाईल एवढी फट ठेवलेली होती. डोक्यावर जयसिंगचाच मोठा बोर्ड होता: 'बसस्टॉप फक्त एका मिनिटावर!' निम्मे ड्रायव्हर बाईंना ओळखत होते. आजी बसल्यात म्हणून पहिली बस थांबली. मागच्या बसने पुढची थांबलेली पाहिली म्हणून तीही थांबली. बस थांबते म्हटल्यावर माणसं जमली. तिसऱ्या दिवशी वासंतीताई घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन शनिवार पेठेतून हजर झाल्या. लोक आत जाऊन सेल्स ऑफिसातल्या तनयाला बसच्या वेळा विचारायला लागले, आणि फ्लॅटचे दर तोंडपाठ असलेल्या त्या पोरीने आठवडाभरात वेळाही पाठ केल्या.

एक जोडपं फ्लॅट बघायला आलं. नवऱ्याने खुर्चीतल्या आजींना सहज विचारलं, "आजी, इथं खरंच बस थांबते का हो?"

"मी बसलीया तवर थांबतीया," मथुराबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "म्होरचं ह्या हापिसवाल्याला इचारा."

जोडप्याने बोर्डकडे पाहिलं, ऑफिसकडे पाहिलं आणि विचार करून कळवतो म्हणून ते निघून गेलं. तासाभरात जयसिंगची गाडी धूळ उडवत आली.

"आये! माझ्याच हापिसापुढं धरनं धरतीस?"

"धरनं न्हाय रं. बस धरतीया."

जयसिंगला खरं तर चिडायचं होतं, पण शेजारी वासंतीताई खुदकन हसल्या, तनया दाराआड हसली, आणि मग त्यालाही हसू आवरेना. तेवढ्यात बस आली.

"चल," मथुराबाई उठल्या. "रामवाडीपतूर. आईसंगं येक डाव."

चारचौघांत आईला नाही कसं म्हणायचं? जयसिंग चढला. वीस वर्षांत पहिल्यांदा. बसायला जागा नव्हती, वरचा दांडा धरून उभा राहिला. त्याच्या शेजारी शर्मिला नावाची एक नर्स उभी होती, मथुराबाईंची नेहमीची ओळखीची. तिच्या पायाला पट्टी पाहून मथुराबाईंनी विचारपूस केली.

"काय सांगू आजी, बसमागं पळताना मुरगळला. स्टॉप होता चांगला, एका बिल्डरनं ऑफिस टाकलं त्यावर. त्याला म्हणावं, एकदा माझ्यासोबत पळून बघ. रोज ड्युटीला उशीर व्हायचा. एकदा तर एका पेशंटची आई माझी वाट बघत बसली होती."

जयसिंग खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक ट्रक होता. त्याचे कान लाल झालेले मथुराबाईंना दिसले. 'हाच तो' असं एक बोट दाखवलं असतं तर अख्खी बस त्याच्यावर तुटून पडली असती. मथुराबाईंनी बोट दाखवलं नाही. पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून शर्मिलाला दिला आणि दुसरा न बोलता लेकाच्या हातात ठेवला. तो त्याने रामवाडीपर्यंत तसाच धरून ठेवला.

उतरल्यावर जयसिंग एवढंच म्हणाला, "त्या नर्सबाईंचा पाय लई सुजलाय."

"व्हय," मथुराबाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांत सेल्स ऑफिस प्लॉटच्या आत, पाण्याच्या टाकीशेजारी गेलं. फुटपाथ मोकळा झाला, तेव्हा वासंतीताईंनी आठवा अर्ज केला. त्याला मात्र चारच दिवसांत उत्तर आलं, कारण आता 'जागा उपलब्ध नाही' असं लिहायची सोय राहिली नव्हती. शाळेसमोर पुन्हा खांब उभा राहिला, त्याच्या पुढची रेलिंगमधली फट कापून बसच्या दाराएवढी केली गेली आणि जयसिंगने न सांगता तिथे दोन सिमेंटची बाकं टाकून दिली. त्यावर कंपनीचं नाव घालू का, असं त्याने आईला विचारलं होतं. आईने नुसतं पाहिलं. नाव राहून गेलं.

तो देखणा नवा थांबा होता तिथेच आहे. तो हलवायचा तर वेगळा ठराव लागतो म्हणे. जेवणं पोचवणारी मुलं दुपारी तिथे सावलीत बसतात, मोबाईल चार्ज करतात. मथुराबाई येता-जाता त्यांचीही विचारपूस करतात.

जयसिंग पुन्हा काही बसमध्ये चढला नाही. परवा नव्या खांबापाशी वासंतीताईंनी त्याला गाठलं. "काय जयसिंगराव, परत दर्शन नाही तुमचं."

"नाही हो मावशी," तो ओशाळून म्हणाला. "मला बस लागते."

"बस तर समद्यांनाच लागती बाबा," मथुराबाई म्हणाल्या आणि समोर आलेल्या बसला हात केला.